झेडएक्स स्पेक्ट्रमचे जुने गेम बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर, त्याच्या कॅसेटवरचे गेम आणि त्या गेममध्ये केलेली ढवळाढवळ यांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे ४८ के (४८ किलोबाइट मेमरीचं) मॉडेलच धरावं. सगळे आकडे दशमान पद्धतीत आहेत. बेसिक या त्याच्या अंगभूत भाषेच्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. स्पेक्ट्रमवर त्या अक्षरं जुळवून टाइप करायच्या नसतात, एकेका बटणावर अख्खा शब्द उमटतो. पोक 'ओ'वर, लोड 'जे'वर, रँडमाइज 'टी'वर.

१. पोक म्हणजे नेमकं काय? चीट कोड आणि पोक एकच ना?

एकच नाहीत. स्पेक्ट्रमच्या झेड८० प्रोसेसरला ० ते ६५५३५ असे पत्ते दिसतात आणि प्रत्येक पत्त्यावर ० ते २५५ मधला एक आकडा, म्हणजे एक बाइट, असतो. 'पोक पत्ता,आकडा' म्हटलं की त्या जागी तो आकडा जाऊन बसतो. 'पीक पत्ता' म्हटलं की तिथे काय आहे ते कळतं. पहिले १६३८४ पत्ते रॉमचे, म्हणजे न बदलणाऱ्या मेमरीचे. तिथे पोक मारला तर मशीन तक्रार करत नाही, पण बदलतही काही नाही.

चीट कोड प्रोग्रॅमरने स्वतः ठेवलेला असतो. 'मॅनिक मायनर' (१९८३) या गेमच्या बग-बाइट आवृत्तीत ६०३१७६९ टाइप केलं की हवी ती गुहा गाठता येते; तोच गेम सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्सने काढला तेव्हा त्याऐवजी 'टाइपरायटर' हा शब्द आला. पोकला अशी कुणाची परवानगी लागत नाही. तिथे तुम्ही चालत्या प्रोग्रॅमचीच एखादी सूचना बदलता.

२. भारतात स्पेक्ट्रम होता का? मला शाळेतला बीबीसी मायक्रो आठवतो.

दोन्ही होते. १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या सरकारी प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. स्पेक्ट्रम प्लसची परवान्याखाली बनवलेली भारतीय आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने आणली. काहींच्या घरी तो आखातातून किंवा इंग्लंडहून आलेल्या नातेवाइकांच्या सामानातून आला.

बीबीसी मायक्रोचा प्रोसेसर ६५०२, म्हणजे वेगळीच जात. त्यामुळे खालचे आकडे त्याला लागू पडत नाहीत. शोधायची रीत (प्रश्न ८) मात्र तिथेही चालते.

३. हे करून बघायला खरं मशीन लागतंच का?

अजिबात नाही. 'फ्यूज' हा मोफत एम्युलेटर (आजच्या कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्रॅम) पुरेसा आहे. सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडने विकत घेतला, आणि पुढे ॲमस्ट्रॅडने एम्युलेटरसोबत रॉम द्यायला मुभा दिली. म्हणून रॉम वेगळी शोधत बसावं लागत नाही. माझं मत विचाराल तर शिकायचं एम्युलेटरवर आणि खेळायचं खऱ्या मशीनवर. एम्युलेटरमध्ये चूक झाली तर एका क्षणात मागे येता येतं. कॅसेटवर तीच चूक पाच मिनिटांना पडते.

४. माळ्यावरचा स्पेक्ट्रम काढलाय. लगेच प्लग लावू?

थांबा. आधी ॲडॅप्टर बघा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो आणि त्याच्या पिनचा मधला भाग ऋण असतो. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक ॲडॅप्टरचा मधला भाग धन असतो. पिन बसते म्हणून असा ॲडॅप्टर लावला तर मशीन जायबंदी होतं.

दुसरं, मागच्या पट्टीवर मशीन चालू असताना काहीही जोडू किंवा काढू नका. चित्र दिसत नसेल तर टीव्ही यूएचएफच्या ३६ व्या चॅनलच्या आसपास ट्यून करून पाहा. नुसता डिजिटल ट्यूनर असलेल्या टीव्हीवर ते येणारच नाही.

५. पोक टाकायचा तरी कुठे? गेम सुरू झाला की काहीच टाइप होत नाही.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पोक टाकायची वेळ अगदी नेमकी असते: गेम मेमरीत पूर्ण उतरलेला असतो, पण सुरू झालेला नसतो.

कॅसेटवर सहसा आधी बेसिकचा एक छोटा प्रोग्रॅम असतो, ज्याला लोडर म्हणतात. तो पुढचे भाग ओढून घेतो आणि शेवटी मशीन कोडला (प्रोसेसरच्या थेट भाषेतल्या गेमला) हाक मारतो. 'लोड ""' म्हटलंत तर लोडर स्वतःहून धावायला लागतो. त्याऐवजी 'मर्ज ""' द्या. मर्जने प्रोग्रॅम येतो, पण आपोआप सुरू होत नाही. ओकेचा संदेश आला की लगेच टेप थांबवा आणि लिस्ट बघा. साधारण असं काही दिसेल:

१० क्लिअर २४५७५: लोड ""कोड: रँडमाइज यूएसआर ३२७६८

इथे क्लिअर बेसिकला 'या पत्त्याच्या वर यायचं नाही' अशी हद्द आखून देतो. लोड ""कोड गेम आणतो. रँडमाइज यूएसआर गेम सुरू करतो. आपला पोक शेवटच्या दोघांच्या मध्ये:

१० क्लिअर २४५७५: लोड ""कोड: पोक ३५१३६,०: रँडमाइज यूएसआर ३२७६८

(वरचे पत्ते नमुन्याचे आहेत, प्रत्येक गेमचे वेगळे असतात.) मग रन द्या आणि टेप जिथे थांबवली तिथून पुढे चालवा. लोड ""कोड एकापेक्षा जास्त वेळा असेल तर पोक सर्वांत शेवटच्या लोडनंतर, नाहीतर पुढचा भाग येऊन तो पुसून टाकेल.

एम्युलेटरवर ही कसरत नको. गेम चालू असताना मेनूतून थेट पोक मारता येतो.

६. मर्ज केलं, पण लिस्टमध्ये काहीच दिसत नाही. किंवा दिसतं ते चालत नाही.

लोडर लपवायच्या युक्त्या त्या काळी जोरात होत्या. नेहमी भेटणाऱ्या तीन सांगतो.

रंगाचे कोड: ओळीतच कागदाचा आणि शाईचा रंग एक करणारे कोड घातलेले असतात. ओळ तिथेच असते, डोळ्यांना दिसत नाही.

शून्य क्रमांकाची ओळ: ती एडिट करता येत नाही. साध्या ४८ के मशीनवर प्रोग्रॅम २३७५५ पासून सुरू होतो आणि पहिल्या दोन बाइटमध्ये ओळीचा क्रमांक असतो. 'पोक २३७५६,१०' दिलं की ती दहावी ओळ होते आणि एडिटला तयार. इंटरफेस १ हे जोड-उपकरण लावलेलं असेल तर प्रोग्रॅमची जागा सरकते. मग आधी 'पीक २३६३५ + २५६ * पीक २३६३६' छापून सुरुवात कुठे आहे ते बघा.

तिसरी खास स्पेक्ट्रमची. बेसिक ओळीतला प्रत्येक आकडा दोनदा साठवला जातो: एकदा आपल्याला दिसणारे अंक म्हणून, आणि त्याच्यामागे १४ हा खुणेचा बाइट टाकून पाच बाइटमध्ये खरी किंमत म्हणून. मशीन चालताना फक्त हे पाच बाइट वाचतं. म्हणजे लिस्टमध्ये 'रँडमाइज यूएसआर ०' दिसेल आणि प्रत्यक्षात उडी भलतीकडेच जाईल. अशा ओळीवरून कर्सर नेऊन एंटर दाबलंत तर मशीन दिसणाऱ्या अंकांवरून पाच बाइट नव्याने बनवतं आणि खरा पत्ता कायमचा जातो. त्यामुळे संशय आला तर ओळ एडिट करू नका, आधी पीक करून बाइट वाचा.

काही लोडर इतके वाकडे असतात की मर्ज करतानाच मशीन कोसळतं. तिथे प्रश्न १०, ११ आणि १२ पाहा.

७. 'मॅनिक मायनर'चा पोक ३५१३६,० सगळीकडे दिसतो. हा आकडा आला कुठून?

या गेममध्ये शिल्लक लाइफचा आकडा ३३८७९ या पत्त्यावर राहतो. गेमचा नायक विली मेला की प्रोग्रॅम आधी बघतो, तिथे शून्य आहे का. असेल तर गेम ओव्हर. नसेल तर ३५१३६ वरची सूचना चालते, आणि तिथे ५३ हा बाइट आहे. झेड८० च्या भाषेत ५३ म्हणजे 'एचएल जिकडे बोट दाखवतोय तिथला आकडा एकने कमी कर'. (एचएल आणि पुढे येणारा ए ही रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आत आकडे ठेवायच्या जागा.) त्यानंतर लगेच खेळ पुन्हा सुरू करायची उडी.

५३ च्या जागी ० टाकलं की 'काही करू नकोस' अशी सूचना तयार होते. शून्याची तपासणी तशीच होते, उडी तशीच बसते, फक्त मधली वजाबाकी गळते. एक बाइट काढला, एक घातला, आजूबाजूचं काहीच हललं नाही. पुढचे सगळे प्रश्न या ना त्या प्रकारे, बदल इतका साफ बसला नाही तर काय होतं याबद्दलचेच आहेत.

'मॅनिक मायनर'च्या पुढच्या भागाचा, म्हणजे 'जेट सेट विली'चा ३५८९९,० हा पोक त्याच घराण्यातला आहे.

८. ज्या गेमचा पोक कुठेच मिळत नाही, त्याचा मी स्वतः कसा शोधू?

एम्युलेटरमध्ये गेमच्या सुरुवातीला एक स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या सगळ्या मेमरीची फाइल) घ्या. एक लाइफ घालवून लगेच दुसरा. आणखी एक घालवून तिसरा. आता तिन्ही फाइलींची तुलना करून असे पत्ते काढा जिथे आकडा दर वेळी एकने घटला आहे. यादी मोठी आली तर खेळ थोडा पुढे नेऊन चौथा घ्या. उमेदवार झपाट्याने गळतात.

इथे बरेच जण एका ठिकाणी अडकतात. 'तीन लाइफ आहेत, म्हणून मेमरीत ३ शोधतोय' असं ते लिहितात. 'मॅनिक मायनर'मध्ये तीन वेळा मरता येतं, पण ३३८७९ वर सुरुवातीला २ असतो, कारण तो चालू लाइफ मोजत नाही, हातातले शिल्लक मोजतो. काही गेम आकडा आस्कीमध्ये (छापायच्या अक्षराच्या कोडमध्ये) ठेवतात, म्हणजे ३ च्या जागी ५१. म्हणून ठरावीक आकडा शोधू नका, फरक शोधा.

आकड्याची जागा सापडली म्हणजे काम अर्धंच झालं. त्या जागी पोक मारला तर एकदा लाइफ वाढतील, पुन्हा घटतील. हवी आहे ती घटवणारी सूचना. झेड८० पत्ता लिहिताना खालचा बाइट आधी लिहितो. ३३८७९ म्हणजे १३२ गुणिले २५६ अधिक ८७, तेव्हा मेमरीत ८७,१३२ ही जोडी शोधा. तिच्या आधी ३३ असेल तर 'एचएलमध्ये हा पत्ता भर', ५८ असेल तर 'इथला आकडा ए मध्ये आण', ५० असेल तर 'ए मधला आकडा इथे ठेव'. त्या जोडीच्या पुढच्या काही बाइटमध्ये ५३ (एचएलच्या जागेतून एक वजा), ६१ (ए मधून एक वजा) किंवा २१४ (ए मधून पुढचा आकडा वजा) सापडतोच.

एखादा गेम मुळापासून समजून घ्यायचा असेल तर 'स्कूलकिट' हे पायथनमधलं साधन वापरा. ते स्नॅपशॉटमधून टिपणांसकट सूचनांची यादी तयार करतं. त्यात महिने जातात, हे आधीच सांगून ठेवतो.

९. सापडलेल्या सूचनेवर शून्य टाकलं आणि मशीन हँग झालं. असं का?

बहुतेक वेळा सूचनेची लांबी चुकलेली असते. ५० ही सूचना तीन बाइटची: ५०, मग पत्त्याचे दोन बाइट. नुसत्या ५० च्या जागी शून्य टाकलं तर उरलेले दोन बाइट प्रोसेसर नव्या सूचना म्हणून वाचतो आणि काहीतरी भलतंच करतो. तिन्हीवर शून्य टाका. किंवा ५० चा ५८ करा: लांबी तीच राहते, आणि 'ठेव'चं 'आण' होतं, म्हणजे पुढच्या कोडला जुना न घटलेला आकडाच मिळतो. २१४ च्या बाबतीत सूचना सोडा, तिच्यानंतरचा आकडा शून्य करा.

लांबी बरोबर असूनही गोंधळ झाला तर फ्लॅग (मागच्या हिशेबाचं उत्तर शून्य आलं का वगैरे सांगणाऱ्या प्रोसेसरमधल्या खुणा) तपासा. ६१ (ए मधून एक वजा) नंतर बरेचदा 'उत्तर शून्य आलं तर उडी मार' असतं. ६१ च्या जागी ० टाकलं तर वजाबाकी जाते, पण शून्याचा फ्लॅग आधीच्या कुठल्यातरी हिशेबाचा उरतो आणि उडी नको तेव्हा बसते. तिथे ० ऐवजी १८३ टाका. ही एक बाइटचीच सूचना आहे. ती ए ला हात लावत नाही, पण फ्लॅग मात्र ए बघून नव्याने लावते.

एखादं अख्खं काम बंद पाडायचं असेल, उदाहरणार्थ शत्रूशी टक्कर झाली का हे पाहणारं सबरुटीन, तर त्याच्या पहिल्या बाइटवर २०१ टाकून बघा. २०१ म्हणजे 'आल्या वाटेने परत'.

१०. पोक बरोबर टाइप केलाय, गेम चालतोय, पण लाइफ जातातच.

पहिली शक्यता, तुमच्याकडे वेगळी आवृत्ती आहे. मूळ प्रकाशन, स्वस्तातलं पुनर्प्रकाशन, मासिकाच्या मोफत कॅसेटवरचं, तिन्हींत कोड काही बाइट सरकलेला असू शकतो. पोक मारण्याआधी तिथे पीक करा, अपेक्षित सूचना (५३, ६१, ५०...) नसेल तर पोक या आवृत्तीचा नाही. चांगल्या यादीत जुना आकडाही दिलेला असतो. नसेल तर अशा यादीवर मी फारसा विश्वास टाकत नाही.

दुसरी शक्यता, पोक मारता तेव्हा गेम अजून उलगडलेलाच नसतो. स्पीडलॉक, अल्काट्राझ यांसारखे संरक्षित लोडर बाइट उतरवताना किंवा नंतर त्यांच्यावरचं कुलूप उघडतात. काही गेम सुरू झाल्यावर स्वतःचे भाग इकडून तिकडे हलवतात. अशा वेळी बेसिक ओळीत पोक घालून उपयोग नाही. गेम सुरू झाल्यावर मल्टिफेसने (प्रश्न ११) किंवा एम्युलेटरच्या मेनूतून मारा.

तिसरी, काही लोडर बेसिकच्या जागेवरच उतरतात आणि बेसिककडे नियंत्रण परत येतच नाही. तुमची पोकची ओळ मग कधी चालतच नाही.

चौथी, १२८ के गेम. त्यासाठी प्रश्न १६.

११. मल्टिफेस म्हणजे काय? त्याशिवाय चालू गेम थांबवता येत नाही?

रोमँटिक रोबॉट कंपनीची ती डबी. मशीनच्या मागे जोडायची, लाल बटण दाबलं की गेम जिथल्या तिथे गोठतो, मग पोक मारा, पूर्ण मेमरी टेपवर उतरवून घ्या, परत खेळ चालू करा.

झेड८० मध्ये कुठलंही काम अर्ध्यात थांबवणारा एक इंटरप्ट असतो, एनएमआय. सिंक्लेअरच्या रॉममध्ये त्यासाठी छोटा कोडही आहे: २३७२८ वर एखादा पत्ता ठेवला असेल तर तिकडे जा, शून्य असेल तर दुर्लक्ष कर. पण तपासणीची अट उलटी पडली. शून्य असेल तेव्हाच तो उडी मारतो, तीही शून्य पत्त्यावर, म्हणजे मशीन रिसेट. एका चुकीच्या बाइटमुळे ही सोय बाद झाली. मल्टिफेस त्या क्षणी रॉमच्या जागी स्वतःची मेमरी आणून बसवतो आणि वेळ मारून नेतो.

आज नव्याने घेणार असाल तर एसडी कार्ड लागणारा 'डिव्हएमएमसी' घ्या. त्यालाही एनएमआयचं बटण असतं.

१२. फाइल कायमची बदलायची आहे. टॅप, टीझेडएक्स, एसएनए, झेड८० यांतली कुठली घेऊ?

पहिल्या प्रयोगासाठी एसएनए. ही स्नॅपशॉटची फाइल. ४८ के ची एसएनए ४९१७९ बाइटची असते: २७ बाइट रजिस्टरचे, बाकी ४९१५२ म्हणजे पत्ता १६३८४ पासूनची सगळी रॅम (बदलता येणारी मेमरी), जशीच्या तशी. म्हणून पत्त्यातून १६३८४ वजा करून २७ मिळवले की फाइलमधली जागा मिळते. ३५१३६ साठी ती १८७७९ येते. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तिथे जा, ५३ (हेक्स पद्धतीत तो ३५ असा दिसेल) आहे का बघा, शून्य करा, सेव्ह करा. एवढंच.

झेड८० (इथे प्रोसेसर नव्हे, त्याच नावाचा फाइलप्रकार) हाही स्नॅपशॉटच, पण ही फाइल बहुधा दाबलेली असते, तिच्यात हे गणित चालत नाही. आधी एम्युलेटरमध्ये उघडून एसएनए म्हणून सेव्ह करा.

टॅप म्हणजे कॅसेटवरच्या भागांची फाइल. तिच्यात प्रत्येक भागाच्या शेवटी एक तपासणी बाइट असतो, आधीच्या सगळ्या बाइटचा एक्सऑर (बिटागणिक केलेला एक हिशेब). मधला एक बाइट बदलला आणि हा तसाच ठेवला तर 'आर टेप लोडिंग एरर' पदरी पडतं. दुरुस्ती सोपी आहे: जुना तपासणी बाइट, बदललेला जुना आकडा आणि नवा आकडा, तिघांचा एक्सऑर करून तो तिथे लिहा.

टीझेडएक्समध्ये कॅसेटवरच्या आवाजाचे बारकावे जपलेले असतात, संरक्षित लोडरसकट. ती जतनाची प्रत आहे. तिला हात लावू नका, नक्कल करून खेळा.

एसएनएची एक खोड लक्षात ठेवा. प्रोग्रॅम कुठे थांबला होता तो पत्ता ठेवायला तिच्यात वेगळी जागा नाही, तो स्टॅकवर (प्रोसेसर तात्पुरते आकडे रचून ठेवतो त्या मेमरीत) ढकलला जातो. स्टॅकच्या खालचे दोन बाइट त्यामुळे पुसले जातात. एरवी काही बिघडत नाही, पण एखादा गेम तिथेच काही जपून ठेवत असेल तर स्नॅपशॉट उघडताच कोसळतो. थोडा पुढे जाऊन दुसरा घ्या.

१३. 'जेट सेट विली' पोकशिवाय पूर्णच होत नाही, हे खरं?

खरं आहे. १९८४ मध्ये तो बाजारात आला तेव्हा त्यात अशा चुका होत्या की गेम संपवणं अशक्य होतं. सर्वांत कुप्रसिद्ध 'ॲटिक'ची. त्या खोलीत उडणारा एक बाण पडद्याच्या मेमरीच्या पलीकडे जातो आणि गेमच्याच माहितीवर लिहीत सुटतो. एकदा ॲटिकमध्ये पाऊल टाकलं की दुसऱ्याच काही खोल्यांत शिरताच मरण, आणि पुढच्या खेळांतही तेच. प्रकाशकांनी आधी सांगून पाहिलं की त्या खोल्यांत विषारी वायू भरलाय, हा खेळाचाच भाग आहे! नंतर मात्र त्यांनीच दुरुस्तीचे पोक जाहीर केले:

पोक ५९९०१,८२
पोक ५६८७६,४
पोक ४२१८३,११
पोक ६०२३१,०

पहिला ॲटिकचा. या गेममध्ये प्रत्येक खोलीला २५६ बाइट आहेत आणि खोली क्रमांक ० ची माहिती ४९१५२ पासून सुरू होते. ५९९०१ मधून ते वजा करून २५६ ने भागा: भागाकार ४१, बाकी २५३. ॲटिक ही ४१ क्रमांकाची खोली, आणि २५३ वा बाइट त्या बाणाच्या जागेचा. त्याच हिशेबाने ६०२३१ कुठल्या खोलीत येतो ते काढून बघा. ३५८९९ च्या अमर विलीपेक्षा हे चार पोक मला कितीतरी मोलाचे वाटतात. त्यांनी खेळ सोपा नाही, शक्य केला.

१४. लाइफ वगैरे ठीक, पण मला गेमच्या पायऱ्या, भिंती बदलायच्या आहेत.

मग 'मॅनिक मायनर'सारखा शिक्षक नाही. त्याच्या वीस गुहा ४५०५६ पासून एकामागे एक आहेत, प्रत्येकी १०२४ बाइट, म्हणजे शेवटची बरोबर ६५५३५ ला संपते. गुहेचे पहिले ५१२ बाइट म्हणजे ३२ रकाने आणि १६ ओळींचा नकाशा. चौकोनाचा पत्ता काढायला ४५०५६ मध्ये ओळ गुणिले ३२ आणि रकाना मिळवा, दोन्ही शून्यापासून मोजून.

गंमत अशी की नकाशात 'भिंत' किंवा 'जमीन' असं काही लिहिलेलं नसतं, फक्त रंगाचा बाइट असतो. पहिल्या गुहेत ६६, म्हणजे काळ्यावर भडक लाल, ही जमीन. २ म्हणजे फिकट लाल, ही पायाखाली ढासळणारी जमीन. प्रोग्रॅम रंगावरूनच ओळखतो कशावर उभं राहता येतं. म्हणून एका गुहेत दोन वेगळ्या गोष्टींना हुबेहूब तोच रंग देऊ नका; दिला तर त्यातली एक दुसरीसारखी वागू लागते.

१५. गेममधला मजकूर मराठी करता येईल का?

येईल, पण ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या घरात देवनागरी बसवणं हे खरं काम आहे. इंग्रजी अक्षराला वर-खाली काही लागत नाही. आपल्याला शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार. वरच्या दोन ओळी सोडल्या, तिसरी शिरोरेघेला दिली, की अक्षराच्या अंगाला चार-पाचच ओळी उरतात आणि उकाराला जागा नाही. मजकूर थोडा असेल तर सरळ दोन घरं एकावर एक घेऊन ८ गुणिले १६ चं अक्षर करा.

ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवा, कारण मशीन डावीकडून उजवीकडे छापत जातं, त्याला मागे येणं माहीत नाही. काना आणि दीर्घ वेलांटीला स्वतंत्र घर चालतं. उकाराला चालत नाही, म्हणून 'गु', 'तु', 'मु' ही अख्खी वेगळी चित्रं. 'मधली गुहा' एवढं लिहायला म, ध, ल, ी, मोकळी जागा, गु, ह, ा अशी आठ घरं लागतात. पहिल्या गुहेच्या नावासाठी ४५५६८ पासून ३२ आहेत. अर्धी अक्षरं धरून ९६ चित्रांचा फॉन्ट भरायला वेळ लागत नाही. 'ऱ्या' आणि 'ळ' यांना आधी जागा राखून ठेवा. हिंदीसाठी बनवलेल्या नमुन्यावरून काम केलंत तर नेमकी हीच राहतात.

रॉममधून छापणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे बेसिकमधल्या बहुतेक साहसकथांमध्ये, फॉन्ट बदलणं सोपं आहे. क्लिअर ६३९९९ द्या, ७६८ बाइटचा फॉन्ट ६४००० वर ठेवा, मग पोक २३६०६,० आणि पोक २३६०७,२४९. तिथे फॉन्टच्या पत्त्यातून २५६ वजा करून लिहायचं असतं, आणि ६३७४४ म्हणजे बरोबर २४९ गुणिले २५६.

'मॅनिक मायनर' मात्र २३६०६ कडे ढुंकून बघत नाही. तो अक्षराचा पत्ता स्वतः काढतो, 'एच'मध्ये ७ भरून, आणि रॉमचा फॉन्ट थेट उचलतो. तो ७ बदलला तर फॉन्टची जागा २०४८ च्या पटीत सरकते. अडचण एवढीच की गुहांनी मेमरी टोकापर्यंत भरलेली असताना ७६८ बाइट आणायचे कुठून. त्यासाठी एखाद्या गुहेचा बळी द्यावा लागतो.

१६. १२८ के मशीनवर तोच पोक कधी चालतो, कधी नाही.

१२८ के मध्ये मेमरी १६ के च्या आठ बँकांत वाटलेली आहे, आणि ४९१५२ पासून वरच्या खिडकीत त्यांपैकी कुठलीही एक दिसते. ती ३२७६५ या पोर्टवरून बदलते. १६३८४ ते ४९१५१ मधला पोक बिनधास्त मारा. त्याच्या वरचा असेल तर त्या क्षणी खिडकीत कोणती बँक आहे यावर सगळं अवलंबून.

आणखी एक खोच: ४८ के वर प्रिंटर बफर (२३२९६ ते २३५५१) ही छोटा कोड ठेवायची लाडकी जागा. १२८ के बेसिक तीच जागा स्वतःसाठी वापरतं. जुना लोडर तिथे काही ठेवत असेल तर आधी मेनूतून ४८ बेसिक निवडा.

१७. पॉक फाइल कशी लिहितात?

एम्युलेटरला द्यायच्या पोकची यादी असलेली ही साध्या मजकुराची फाइल आहे. एन ने सुरू होणाऱ्या ओळीत पोकचं नाव. मग एम किंवा झेड ने सुरू होणाऱ्या ओळी: बँक, पत्ता, नवा आकडा, जुना आकडा. झेड म्हणजे या पोकची शेवटची ओळ, एम म्हणजे अजून आहेत. फाइल वाय ने संपते. ४८ के साठी बँकेच्या जागी ८ लिहा. नव्या आकड्याच्या जागी २५६ लिहिलं तर एम्युलेटर खेळणाऱ्यालाच आकडा विचारतो. फाइल लिहिताना ही अक्षरं अर्थातच इंग्रजी.

१८. हे कायदेशीर आहे का?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ (१) मध्ये संगणक प्रोग्रॅमसाठी काही सवलती आहेत. कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला बॅकअप घेता येतो, प्रोग्रॅम कसा चालतो ते अभ्यासता येतं, आणि स्वतःच्या, धंद्याच्या नसलेल्या वापरासाठी त्यात फेरफार करता येतो. बदललेला अख्खा गेम वाटणं हे मात्र वेगळं. गेम जुना झाला, कंपनी बुडाली, म्हणून हक्क संपत नाहीत. प्रश्न ३ मधली ॲमस्ट्रॅडची मुभा रॉमपुरती आहे, गेमपुरती नाही. म्हणून वाटायचीच तर पॉक फाइल वाटा: त्यात फक्त तुमचे आकडे असतात.

१९. बदललेला गेम पुन्हा खऱ्या कॅसेटवर कसा भरू?

टॅप फाइल आवाजात बदलून, म्हणजे डब्ल्यूएव्ही करून, टेप रेकॉर्डरच्या माइक सॉकेटमध्ये द्या. एमपी३ नको, ती आवाज दाबताना कडा गोल करते आणि स्पेक्ट्रमला नेमक्या त्या कडाच लागतात. साधी नॉर्मल टेप घ्या, डॉल्बी बंद ठेवा, इक्वलायझर सपाट ठेवा. मोबाइलवरून देत असाल तर तो एअरप्लेन मोडवर टाका. गेम साडेचार मिनिटं उतरल्यावर मध्येच व्हॉट्सॲपची टिंग वाजली की सगळं मुसळ केरात. आणि आवाज वाटतो त्यापेक्षा मोठा ठेवा. पडद्याच्या काठावर आधी लाल-आकाशी रुंद पट्टे येतील, मग निळे-पिवळे बारीक. पट्टे थरथरत असतील तर आवाज थोडा कमी-जास्त करून टेप पहिल्यापासून लावा.